फुरसुंगीचा बनेश

भा. रा. भागवत हे नाव मला उशिरा कळलं. आधी भेटला तो त्यांचा नायक बनेश ऊर्फ फास्टर फेणे. आमच्या गावच्या वाचनालयात मुलांच्या पुस्तकांचं कपाट एकच होतं. त्यात फास्टर फेणेची पुस्तकं कधी जाग्यावर नसायची आणि मिळालीच तर पानं सुटलेली, पुठ्ठ्याला खाकी कागद लावलेली. काटकुळा पोरगा, पायाखाली सायकल, संकटात सापडला की तोंडातून ‘ट्टॉक्’. एवढ्यावर मी त्याच्या मागे कुठेही जायला तयार होते.

तोवर गोष्टी म्हणजे राजे, पऱ्या, नाहीतर तात्पर्य. हा मुलगा मात्र फुरसुंगीचा होता, आणि फुरसुंगी खरी होती! मिरज-पुणे पॅसेंजरमध्ये जेजुरी मागे पडली की मी खिडकीला चिकटायची. स्टेशनची पाटी दिसली की अंगावर काटा यायचा. भागवतांचं मोठेपण मला इथे दिसतं. पुण्यातल्या विद्याभवनात शिकणाऱ्या या खेड्यातल्या मुलाला त्यांनी प्रतापगडावर नेलं, गुलमर्गला नेलं. धाडसाला राजवाडा किंवा परदेश लागत नाही, हे त्यांनी माझ्यासारख्या गावाकडच्या मुलांना न सांगता पटवलं.

मोठेपणी ही पुस्तकं पुन्हा वाचली. योगायोग फार आहेत, चोर सापडतातही चटकन. पण वाक्य कुठे रेंगाळत नाही आणि लेखक मुलांच्या डोक्यावर हात ठेवून बोलत नाही. मला ते जास्त मोलाचं वाटतं.

तेव्हाच त्यांच्याविषयीही वाचलं. जन्म 1910 चा, इंदूरचा. ‘बालमित्र’ हे मुलांचं मासिक त्यांनी चालवलं. पत्नी लीलावती भागवत याही मुलांसाठी लिहिणाऱ्या. आकाशवाणीच्या ‘वनिता मंडळा’मुळे त्यांचा आवाज घरोघरी पोचलेला. मुलांच्या वाचनाची एवढी काळजी एका घरात एकवटलेली होती. फेणेची वीस पुस्तकं झाली. पुस्तकांनी झपाटलेला बिपिन बुकलवार हाही भागवतांचाच. वाचनवेड्या मुलाला साहसकथेचा नायक करणं मला फार धीट वाटतं.

आणि ज्यूल व्हर्न! ‘चंद्रावर स्वारी’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ यांतून त्यांनी तो मराठीत आणला. धूमकेतूवर बसून सूर्यमालेत भटकणारी माणसं मी मराठीतच पाहिली. पुढे मूळ लेखक फ्रेंच आहे हे कळलं तेव्हा खरंच वाटेना. फेणेच्या लखलखाटात भागवतांचं हे काम झाकोळलं गेलं, याचं मला वाईट वाटतं. माझ्या मते ते फेणेइतकंच मोठं आहे.

सुमीत राघवनचा दूरदर्शनवरचा फेणे आमच्या पिढीने पाहिला. 2017 च्या चित्रपटात अमेय वाघचा फेणे तरुण झालेला होता आणि दिलीप प्रभावळकर चक्क भा. रा. भागवत झाले होते. पडद्यावर ते दिसले तेव्हा मला भरून आलं. भागवत 2001 मध्ये गेले. स्वतःच्या नायकासोबत पडद्यावर वावरण्याचा हा मान त्यांना पाहायला मिळायला हवा होता.

माझ्या मुलाने फेणे वाचला तो सुट्टीत, आडवा पडून, जेवायच्या हाका ऐकू न येता. त्याला मी काहीही समजावून सांगितलं नव्हतं. तुमच्या घरात आठ-दहा वर्षांचं मूल असेल, तर फेणेचं एक पुस्तक आणा आणि त्याच्यासोबत ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ही आणा. मुलाच्या हाताशी ठेवा, आणि वाचून झाल्यावर परीक्षा घेऊ नका.