परतणारी मूठ

मोटारसायकलच्या उजव्या मुठीकडे आपण वेग देणारी मूठ म्हणूनच पाहतो. ती पिळली की इंजिन गर्जते आणि गाडी धावू लागते. तिचे काम एवढेच, अशी आपली समजूत असते. परंतु त्या मुठीचे इमान कळते ते हात सैल सोडल्यावर. तिने आपण होऊन मागे फिरावे आणि इंजिन शांत व्हावे, हे तिचे मोठे कर्तव्य. मूठ पिळली की तिच्यात अडकवलेली तार ओढली जाते, ती तार कार्बोरेटरमधला सरकता पिस्टन वर उचलते आणि हवा व पेट्रोल अधिक प्रमाणात आत जातात. हात सोडताच कार्बोरेटरमधली लहानशी स्प्रिंग त्या पिस्टनला खाली दाबते आणि तारेसकट मुठीलाही परत आणते. वेष्टनातून सरकणारी ही तार अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडन यांच्या नावाने ओळखली जाते. तिचे पेटंट त्यांनी १८९६ साली इंग्लंडमध्ये घेतले. या तारेचा एक स्वभाव ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ती ओढू शकते, ढकलू शकत नाही. त्यामुळे एकाच तारेच्या गाडीत परतीचा सारा भार त्या स्प्रिंगवर पडतो. वाटेत कोठेही अडथळा आला, तर ती बिचारी हरते.

माझी शाळा खानापूर तालुक्यात, हमरस्त्यापासून बरीच आत आहे. जांबोटीच्या बाजूचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तेथील तांबड्या चिखलाविषयी वेगळे सांगायला नको. चार महिने तो चाकांना, कपड्यांना आणि गाडीच्या फटीफटींना चिकटून असतो. गेल्या श्रावणात एका दुपारी शाळा सुटली, मी फाटकाशी गाडी सुरू केली, गिअर टाकला आणि मूठ किंचित पिळली. समोर मुलांची गर्दी दिसली म्हणून ती सोडून दिली, तरी इंजिनाचा आवाज चढाच राहिला. क्लच डाव्या हाताच्या बोटांत आवळलेला होता, आणि पुढच्या चाकापासून चार पावलांवर दुसरीतली एक मुलगी वाकून चपलेतला खडा काढीत होती. क्लच तसाच धरून मी उजव्या अंगठ्याने इंजिन बंद करण्याचा लाल खटका दाबला. आवाज थांबला. मुलांना वाटले, सरांनी गंमत म्हणून रेस दिली. ती खळखळून हसली. माझी बोटे मात्र संध्याकाळपर्यंत थरथरत होती.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत उपदेशांना भर आला. कोणी म्हणाले, मुठीत ग्रीस भरा; कोणी म्हणाले, नवी तार टाका; कोणी थेट कार्बोरेटरच बदलायला सांगितले. खानापुरातील एका वयस्कर मिस्त्रींनी मात्र प्रश्न विचारला, "सर, अडकतंय कुठं ते आधी बघूया की. मुठीत, वायरीत, का खाली कार्बोरेटरात? सगळंच बदललं तर काय कळणार?"

हा प्रश्न मला अगदी ओळखीचा वाटला. भागाकारात अडलेल्या मुलाला आम्ही हेच विचारीत असतो. पाढा येत नाही, वजाबाकी चुकते, की अंक मांडण्याची जागा चुकते? हे न पाहता शंभर भागाकार लिहायला लावले, तर मूल शिणते आणि अडचण जागच्या जागी राहते.

रविवारी मिस्त्रींच्या देखरेखीखाली, इंजिन थंड असताना, आम्ही कामाला लागलो. मुठीजवळच्या खोक्याचे दोन स्क्रू काढून तारेचे टोक मोकळे केले. तार हाताने ओढून सोडली, तोच खाली पिस्टन 'टक्' असा आवाज करून बसला. म्हणजे तार आणि कार्बोरेटर दोन्ही निर्दोष. इकडे मूठ मात्र तार सुटल्यावरही हँडलवर जडपणेच फिरत होती. दोष सापडला होता. हीच तार जड लागली असती, तर तिच्या वरच्या टोकाशी कागदाचे नरसाळे बांधून रात्रभर थेंब थेंब पातळ तेल सोडावे लागले असते. तिचे धागे तुटलेले दिसले असते, तर ती बदलण्यावाचून उपाय नव्हता.

मूठ ओढून बाहेर काढली. आतल्या नळीवर जुने ग्रीस आणि तांबडी माती यांचा घट्ट लेप बसला होता आणि त्याखाली गंजाचा पट्टा होता. डिझेलच्या फडक्याने लेप पुसला, बारीक पॉलिश पेपरने गंज घासला, नळी कोरडी केली आणि तिच्यावरून तेलाचा अगदी हलका हात फिरवला. जाड ग्रीस धूळ धरते, म्हणून ते मिस्त्रींनी भरू दिले नाही. मूठ बसवताना तिचे रबर हँडलच्या टोकाला घासू नये म्हणून तेथे दोनएक मिलिमीटरची फट राखली. तार ताणली जाण्यापूर्वी मूठ थोडी मोकळी फिरावी, एवढी ढिलाईही ठेवली. शेवटी गाडी न्यूट्रलमध्ये सुरू करून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिले. डावीकडे वळवताच इंजिनाचा आवाज किंचित चढला. टाकीखालच्या एका पट्टीत तार आवळली जात होती. ती पट्टी सैल केली आणि आवाज एकसारखा झाला. खर्च म्हणावा तर पॉलिश पेपरच्या एका तुकड्याचा.

भारत स्टेज ६ ची मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाली आणि नव्या मोटारसायकलींत बहुतेक ठिकाणी कार्बोरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. तरी साध्या गाड्यांत मुठीपासून निघणारी तार आणि तिला परत आणणारी स्प्रिंग अजून तशीच आहे. तेव्हा ही तपासणी नव्या गाडीवाल्यांनाही चुकलेली नाही.

आमच्या भागात खंडेनवमीला घरोघरी गाड्या धुऊन त्यांची पूजा होते. पावसाळा नुकताच सरलेला असतो. मुठीतली माती काढण्यास याहून चांगला मुहूर्त नाही. झेंडूची माळ हँडलच्या मध्यभागी बांधावी. तिचा दोरा मुठीशी किंवा तारेशी गुंतू देऊ नये. आणि घरातील मुलगा वा मुलगी सकाळी गाडी बाहेर काढीत असेल, तर इंजिन सुरू करण्यापूर्वी एकदा मूठ पूर्ण पिळून सोडायला सांगावे. ती झटकन जागेवर गेली, तर खुशाल निघावे. रेंगाळली, तर त्या दिवशी बसने जावे.