टॅली झालं का?

परवा एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती आता कनिष्ठ महाविद्यालयात बुक-कीपिंग शिकवते. “सर, अकरावीचं वार्षिक नियोजन द्यायचंय. तुमची जुनी टाचणवही असेल का हो?”

होती. १९८६च्या जूनमधली, कडेला कसरीने खाल्लेली. पहिल्या पानावर महिना, घटक, तासिका असे तीन रकाने आणि जूनपुढे पहिलीच ओळ : ‘रोजमेळ दाखवणे – ३ तास’. पाठ्यपुस्तकात असा घटकच नव्हता. तो माझा आगाऊपणा.

तेव्हा सांगलीत कॉमर्सचा वर्ग म्हणजे निम्मी पेठ. कुणाच्या वडिलांची अडत, कुणाचं किराणा दुकान, कुणी सुट्टीत हळदीच्या वखारीत दिवाणजींच्या हाताखाली बसलेला. मी मार्केट यार्डातल्या एका अडत्याकडून मागच्या दिवाळीला मिटलेली लाल कापडी वही मागून आणायचो. आत छापील रेघा नाहीत. कागद दुमडून पाडलेले सळ हेच रकाने. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. वही बाकाबाकावरून फिरायची आणि पानांना हळदीचा वास असायचा.

मग मी फळ्यावर पुस्तकातलं रोख पुस्तक काढायचो. डावी बाजू नावे, उजवी जमा. मागच्या बाकावरून हमखास आवाज यायचा, “सर, उलटं झालं!” त्या एका ओरड्यासाठीच ते तीन तास राखलेले असत. उलटं काहीच नाही. आलेला पैसा दोन्हीकडे डावीकडेच चढतो. रोजमेळात ज्याने पैसे दिले त्याच्या नावावर ते जमा होतात. पुस्तकात आपण खुद्द रोकडीचं खातं लिहितो, आणि येणारी संपत्ती नावे. व्यवहार तोच, कुणाच्या बाजूने लिहिला एवढाच फरक. हे ज्याला जूनमध्ये उमगलं त्याला पुढे बँक जुळवणी पत्रक जड जात नसे. पासबुकातली ‘जमा’ शिल्लक आपल्या वहीत ‘नावे’ का, याचं उत्तर तेच आहे.

१४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या लुका पाचोलीच्या ग्रंथाला मात्र मी एकच तास द्यायचो, तोही उरकून. व्हेनिस लांब होतं, गणपती पेठ जवळ.

बाईंच्या वर्गात (आता तिला बाईच म्हणायला हवं) दुकानदारांची मुलं चार. त्यांच्याही वह्या दुकानात नाहीत, हिशेब सीएच्या ऑफिसात होतो. १९८९पासून आयकरासाठी सगळ्यांचं वर्ष ३१ मार्चला संपू लागलं आणि दिवाळीची वही हळूहळू नुसती पूजेची उरली. खिशात रोकड बाळगणारा विद्यार्थीही आता सापडत नाही. ‘किरकोळ रोकड पुस्तक’ शिकवण्याआधी किरकोळ रोकड म्हणजे काय हेच सांगावं लागतं, असं ती म्हणाली. आमच्या गणितातला रोखपाल महिन्याला शंभर रुपये अग्रधन घ्यायचा आणि त्यात चहापाणी, हमाली, ‘टपाल व तार’ सगळं भागवायचा. २०१३च्या जुलैत तारच बंद झाली. बँक जुळवणीतला ‘भरला पण वटला नाही’ असा चेक आमच्या वेळी परगावचा असला तर पंधरा-पंधरा दिवस तरंगत राहायचा. ऑक्टोबर २०२५पासून रिझर्व्ह बँकेने चेक दिवसातल्या दिवसात वटवण्याची व्यवस्था सुरू केली आहे. शंभर गुणांच्या पेपरचे ऐंशी अधिक वीस झाले. त्या विसांच्या प्रकल्पवह्या सगळ्यांच्या सारख्याच दिसतात, त्याबद्दल न बोललेलं बरं.

एक बदल मला मनापासून आवडला. दहा हजारांचा माल रोखीने घेतला तर आमची नोंद दोन ओळींत संपे : खरेदी खाते नावे, रोख खात्याला. २०१७च्या जुलैत जीएसटी आला. आता अठरा टक्के दराने नऊशे केंद्राचे, नऊशे राज्याचे, आणि रोख जाते अकरा हजार आठशे. रोजकीर्दीच्या पहिल्याच आठवड्यात मुलांना कळतं की कर हा खर्च नाही, पुढे वळता करून घ्यायचं येणं आहे. आम्हाला हे सांगायला बारावी उजाडावी लागायची, आणि तेव्हाही नीट सांगता यायचं नाही.

पण नियोजनाचा खरा घोळ तेरजेपाशी, म्हणजे ट्रायल बॅलन्सपाशी, आहे.

माझ्या वहीत तेरीजपत्रक आणि चुकांची दुरुस्ती मिळून वीस तासिका होत्या. एवढ्या कशाला, असं प्राचार्यांनी लाल शाईत विचारलेलंही आहे. कारण तेरीज जुळायची नाही. चाळीस मुलं खतावणीतून शिलका उतरवत, पट्टीने दुहेरी रेघ मारत, आणि मग वर्गभर एकच चौकशी : “टॅली झालं का?” ज्याचं झालं तो बाकावर ताल धरायचा. ज्याचं नाही झालं त्याला मी आधी तफावत विचारायचो. दोनशे सत्तर? नऊने भाग जातो, म्हणजे कुठेतरी आकडे अदलाबदल झालेत. सहाशे तीसचे तीनशे साठ केलेस का बघ. नऊशे? निम्मी कर. चारशे पन्नासची रक्कम चुकून पलीकडच्या बाजूला गेली असेल. मुलं पाच पानं मागे जायची, तिथे ती रक्कम खरंच सापडायची, आणि मला जादूगाराचा मान मिळायचा. खतावणी म्हणजे काय हे मुलं अशी चूक शोधताना शिकली. मी व्याख्या सांगत होतो तेव्हा ती खिडकीबाहेर बघत होती.

संगणकावरच्या टॅलीत हे होतच नाही. दोन्ही बाजू सारख्या झाल्याशिवाय व्हाउचर सेव्हच होत नाही. सुरुवातीच्या शिलका चुकल्या तेवढाच फरक दिसतो, बाकी तेरीज जन्मतःच जुळलेली. त्यामुळे, बाई म्हणाली, “सर, त्या घटकाला मी पाचच तासिका धरल्यात. मुलं विचारतात, जे जुळतंच ते जुळवायचं कशाला?”

मला राहवलं नाही. “अगं, यंत्राची दुरुस्ती कुणी यंत्र खात्यालाच नावे लिहिली तर तुझी टॅली अडवेल का? मालकाच्या मुलीच्या लग्नाचा मांडव जाहिरात खर्चात घातला तर? बिलच ड्रॉवरमध्ये राहिलं तर?” पहिली दोन्ही तत्त्वाची चूक, तिसरी विसरलेली नोंद. तेरीज तेव्हाही जुळायची आणि आजही जुळते. नफा मात्र खोटा निघतो. बेरजेच्या चुका यंत्राने नेल्या, त्या जाऊ देत. उरल्या त्या माणसाच्या चुका, आणि त्यांनाच तू तास कमी केलेस.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आणि समायोजनांचं काय करू? पुस्तकात दरवेळी आगच लागते हो.” हे मात्र खरं. ‘माल आगीत जळाला, विमा कंपनीने अमुक रकमेचा दावा मान्य केला’. आमच्याकडे आग क्वचित, पूर ठरलेला : २००५, २०१९, २०२१. हरिपूरच्या पेवांत पाणी शिरून हळद गेली ती उदाहरणं मी वहीच्या मागच्या पानांवर उतरवून ठेवली होती. अखेरचा साठा मूळ किंमत किंवा बाजारभाव यांपैकी कमी असेल त्या रकमेने का धरायचा, हे भिजलेल्या हळदीइतकं स्वच्छ कुणी सांगत नाही. ती पानं तिला फोटो काढून पाठवली.

दुसऱ्या दिवशी तिचा तक्ता आला. चुकांची दुरुस्ती चौदा तासिका, सगळी हाताने, वहीवर, टॅली त्यानंतर. जूनपुढे पहिली ओळ : ‘रोजमेळ दाखवणे – २ तास’. खाली निरोप होता, “सर, पण दाखवायला रोजमेळ आणू कुठून?”

माझा अडत्या आता हयात नाही आणि त्याच्या वह्या रद्दीत गेल्या. तुमच्या घरात माळ्यावर आजोबांच्या दुकानाची लाल वही असेल, तर ती रद्दीत घालू नका. जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात जाऊन बुक-कीपिंग शिकवणाऱ्या शिक्षकांना द्या. वर्ग सुरू व्हायच्या आत दिलीत तर फार बरं.