डेकच्या कडेची दारे

हेब्बाळच्या तळ्यावरून येलहंकाकडे एखादे लढाऊ विमान गेले, की तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा हातातले काम टाकून गॅलरीत येतात. मूळचे रत्नागिरीकडचे. तरुणपणी नौदलात होते, 'विक्रांत'वर, विमानांच्या देखभालीच्या कामावर. निवृत्तीनंतर मुलाकडे बंगळूरला आले आणि इथेच रुळले.

गेल्या मे महिन्यात नातवाने 'विक्रांत'चे पुठ्ठ्याचे मॉडेल करायला घेतले. "आजोबा, विमानं खाली न्यायला कडेला दार ठेवू ना?"

"कडेला नाही रे. डेकमध्येच दोन लिफ्ट होत्या, एक पुढे, एक मागे. पंख मिटायचे आणि विमान खाली हँगरमध्ये उतरवायचं."

मग आजोबा रंगात आले. ब्रिटिश बांधणीत हँगर चहूबाजूंनी बंद असे, कारण आगीचे आणि समुद्राच्या पाण्याचे भय. अमेरिकनांनी बाजूला मोठाली दारे ठेवून त्यांना शटर लावली. इंजिने आतच तापवता येत, धूर बाहेर जाई. डेकच्या कडेची लिफ्टही आधी त्यांच्याच 'वास्प'वर आली, १९४० साली. ती खाली गेली तरी डेकच्या मधोमध खड्डा पडत नाही. आपल्या 'विराट'ला अशी एक लिफ्ट होती. २०२२ साली दाखल झालेल्या नव्या 'विक्रांत'च्या तर दोन्ही कडेलाच आहेत.

"आणि डेकच्या कडेखालचे हे अरुंद सज्जे? डाव्या बाजूला कुठून कुठपर्यंत होते?"

आजोबा गप्प झाले. आठवेना. जाऊन पाहण्याची सोयही उरली नव्हती. १९६१ साली नौदलात आलेले ते जहाज ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाले. २००१ ते २०१२ मुंबईत त्याचे संग्रहालय होते. नोव्हेंबर २०१४ मध्ये दारूखान्यात ते तोडायला घेतले. त्या अकरा वर्षांत ही मंडळी दर सुट्टीत मुंबईवरूनच गावी जात. आजोबा म्हणत, "एकदा आत जाऊन येऊ." मुलगा म्हणे, "पुढच्या खेपेला नक्की, बाबा."

हे सारे ऐकत बसलेल्या मुलाने हातातले वर्तमानपत्र खाली ठेवले. तो उठला, कपाटातून कोरी वही काढली आणि म्हणाला, "बाबा, जेवढं आठवतंय तेवढं सांगा. मी लिहून घेतो."

आता दर रविवारी हे काम चालते. बसून आठवले नाही, तर आजोबा उठून पॅसेजमध्ये चालू लागतात. मध्येच मान वाकवतात, पाय उंच उचलतात. जहाजावरच्या दारांचे उंबरठे उंच असत ना! "घरातसुद्धा हे अजून तसेच चालतात," आजी हसून म्हणतात. आजोबा वाकले, की मुलगा वहीत खूण करतो.

मॉडेलची डावी बाजू अजून अर्धी कोरी आहे. वहीची मात्र चाळीस पाने भरली आहेत. ज्यांच्या घरी अशी वडीलधारी माणसे आहेत, त्यांनी पुढच्या सुट्टीची वाट पाहू नये.