गुडघ्याचं माप

२ जानेवारी
शाळेतून बँडचे सर आले. मुलींचा पाइप बँड २६ तारखेला पहिल्यांदा मैदानावर उतरणार. किल्ट शिवायचे. मोबाइलवर फोटो दाखवला. "चौकड्याचा स्कर्टच समजा वहिनी. कमरेला इलॅस्टिक घाला, पटकन होईल."
आबा आतून ऐकत होते. सर गेल्यावर म्हणाले, "इलॅस्टिक घातलेलं माझ्यासमोर आणू नको."

३ जानेवारी
थंडी फार. केळीला चरका बसणार म्हणून सगळे धास्तावलेले. सकाळी बोटांत सुई धरवेना.
आबा मराठा पलटणीत पाइपर होते. बेळगावला ट्रेनिंग. त्यांनी स्वतः किल्ट कधी घातला नाही. आपल्या लष्करी पाइप बँडात बहुधा पँटच असते, खांद्यावरून चौकड्याचा पट्टा. पण किल्ट घालायचा कसा, हे त्यांना पाठ आहे. आज लिहून घेतलं.
किल्ट कमरेच्या हाडाच्या वर बसतो, जवळजवळ बरगडीपाशी. पुढे दोन सपाट पदर, एकावर एक. वरचा पदर उजवीकडे उघडतो. पिन फक्त वरच्या पदराला, खालच्याला टोचायची नाही. चुण्या सगळ्या मागे. मोजा गुडघ्याच्या तीन-चार बोटं खाली दुमडायचा.
आणि गुडघा. मुलीला दोन्ही गुडघे टेकून ताठ उभं करायचं. खालची कड जमिनीपासून बोटभर वर.

५ जानेवारी
जळगाव, फुले मार्केट. चौकड्याचं सूटिंग भरपूर, पण काठावर गिरणीचं नाव विणलेलं. किल्टला खाली दुमड नसते. कापडाचा मूळ काठ हीच खालची कड. त्यावर जाहिरात कशी ठेवू? काठ कापून दुमडलं तर चुणी खाली जाड होते, चालताना झुलत नाही.
रिकाम्या हाती परत. रावेर स्टेशनवर उतरले तेव्हा अंधार.

६ जानेवारी
बऱ्हाणपूर. मिळालं. साधा काठ, लोकर-पॉलिस्टर, वजनदार. हिरवा-निळा-काळा, त्यात पांढरी आणि तांबडी रेघ. पन्ना ५८ इंच. उभा मधोमध कापला की २९-२९ च्या दोन पट्ट्या, दोन्हींना एकेक काठ. मुलींना पुरून उरतं. कापलेली बाजू कमरपट्ट्यात जाईल.

७ जानेवारी
आबांनी कापड उजेडात धरलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, हा मॅकेन्झी टार्टनच्या, म्हणजे मॅकेन्झी घराण्याच्या चौकड्याच्या जवळचा. ७८ व्या हायलँडर्सचा, म्हणजे इंग्रज फौजेतल्या स्कॉटिश पलटणीचा.
७८ वी पलटण १७९३ साली मॅकेन्झीनेच उभी केली. १८०३ च्या ऑगस्टमध्ये ती अहमदनगरच्या पेठेच्या भिंतीवर शिड्या लावून चढली. २३ सप्टेंबरला असईला लढली. केळणा आणि जुई नद्यांच्या संगमापाशी, अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे. समोर शिंदे आणि नागपूरकर भोसले. या लढाईसाठी ७४ व्या आणि ७८ व्या पलटणीला बिल्ल्यावर हत्ती मिळाला, खाली नाव 'असई'. आपली माणसं तिथे शेकड्यांनी पडली. त्यांच्या अंगावर काय होतं, ते असं जपून लिहून ठेवलेलं मी कुठे वाचलं नाही. याचं मला वाईट वाटतं.
आबांना वाटत नाही. ते म्हणाले, "शिपाई शिपायाचा गणवेश बघतो. कोण कुठला, ते नंतर."

८ जानेवारी
चुण्या कशा घालायच्या यावर सगळी सकाळ गेली. दोन रीती. एक, चुण्या घातल्यावरही मागे पूर्ण चौकडा जुळून दिसला पाहिजे. दुसरी फौजेची. प्रत्येक चुणीच्या मधोमध एकच रेघ. गॉर्डन हायलँडर्सच्या किल्टवर अशी पिवळी रेघ दिसत असे. उभं असताना मागे रेघांची रांग, चाललं की आतला रंग उघडतो.
आपण पांढरी धरायची.
नऊवारीच्या निऱ्या हातानं घ्याव्यात तशाच या. मशीनवर नीट होत नाहीत. आधी कच्चे टाके, मग इस्त्री, मग कमरेपासून नितंबापर्यंत निमुळती शिलाई. तिथून खाली मोकळं.

९ जानेवारी
सरांचा फोन. "मापं कशाला? लहान, मध्यम, मोठा असे तीन साइज काढा. पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलींना चालतील." संस्थेचं म्हणणं तसं आहे म्हणे.
हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

१० जानेवारी
सातवीतली एक पोरगी लांब पायांची, धड आखूड. तिच्याशेजारी नववीतली, तेवढीच उंच, पण पाय आखूड. दोघींना 'मध्यम' घातला तर एकीची अर्धी मांडी उघडी, दुसरीचा किल्ट पिंढरीवर. उंची सारखी असून रांग मोडते. रांग सरळ दिसायची तर प्रत्येकीचं कापड वेगळं कापावं लागतं.
हेच सरांना सांगायचं. दुसरं काही नाही.

११ जानेवारी
सांगितलं. मुलींना वर्गात गुडघे टेकून उभं केलं, खडूनं खुणा केल्या. सर स्वतः वाकून बघत राहिले. मापं घ्या म्हणाले.

१३ जानेवारी
रात्रीची वीज नाही. दिवसा शिवायचं.

१४ जानेवारी
संक्रांत. तीळगूळ वाटून शिवायला बसले.
पाल गावाकडच्या पाड्यावरची मुलगी मोठा ढोल वाजवते. बँडात तिच्याइतका पक्का ठेका कुणाचा नाही. आज आली नाही. मैत्रीण म्हणाली, आई नाही म्हणते. गुडघे दिसतात.

१५ जानेवारी
आबांना विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. संध्याकाळी आपणहून १९४१ च्या, एरिट्रियातल्या केरनच्या लढाईचं बोलले. कॅमेरॉन हायलँडर्स आणि तिसरी-पाचवी मराठा, एकाच डोंगररांगेच्या लढाईत. तोवर किल्ट रणांगणातून काढलेला होता. दुसरं महायुद्ध सुरू झालं तसं वरून हुकूम आला, किल्ट फक्त समारंभाला. पलटण तीच राहिली.

१६ जानेवारी
पाड्यावर जाऊन आले. आई बोलली थोडंच. "आमच्यात नाही चालत. पोरीला ढोल आवडतो, मला माहीत आहे." चहा दिला.
मी विचारलं, काळे पायमोजे, कमरेपर्यंतचे, आत घातले तर? ती म्हणाली, एकटीनेच घातले तर लोक तिच्याकडेच बघतील.
बरोबर आहे तिचं.

१७ जानेवारी
सगळ्यांना काळे पायमोजे. आबांपुढे ठेवलं. हे नियमात नाही, मला ठाऊक आहे.
"सगळ्या रांगेला?"
"सगळ्या."
"मग बसतं नियमात. कड मात्र बोटभरच."

१८ जानेवारी
ती आली. गुडघे टेकले. १९ इंच.

२१ जानेवारी
हाताची बोटं टोचून टोचून दुखतात. बक्कल जळगावहून आले, तीन प्रत्येकी. डाव्या अंगाचा पट्टा आतून फटीतून बाहेर काढायचा. तो काज आबांनी स्वतः केला. चष्मा लावून, पहिल्यापासून शेवटच्या किल्टपर्यंत.

२४ जानेवारी
ट्रायल. एकीनं पिन दोन्ही पदरांतून लावली. एकीनं पदर डावीकडे उघडा ठेवला. किल्टपुढे लटकवायची थैली फार खाली लोंबते. बेल्टखाली हातभर कशाला, पंजाच्या रुंदीएवढं अंतर पुरे. आबांनी प्रत्येकीसमोर उभं राहून नीट केलं. बोलले एकदाच. "मागचं तुम्हाला दिसत नाही, म्हणून एकमेकींचं बघा."

२६ जानेवारी
झालं. सूर दोनदा फाटला, ठेका नाही फाटला. रांग वळली तेव्हा पांढऱ्या रेघा एका ओळीत. मी गुडघे बघत होते, बाकी काही नाही. कडेखाली सगळे एकसारखे. पाड्यावरची आई माझ्याच शेजारी होती, ती पोरीचे हात बघत होती.

२८ जानेवारी
हिशेब. संस्थेनं अर्धे पैसे दिले, अर्धे मार्चमध्ये.
वहीत प्रत्येकीच्या नावापुढे गुडघ्याचं माप लिहिलं. पोरी वाढतात. किल्टला खाली दुमड नाही, लांबी वाढवता येत नाही. कंबर बक्कलवर दोन इंच सरकते, तेवढंच. म्हणून पुढच्या वर्षी १९ चा कुणाला आणि २१ चा कुणाला, ते मापावरून ठरेल, इयत्तेवरून नाही. सातवीतल्या लांब पायांच्या पोरीला नवाच लागणार.
बऱ्हाणपूरच्या दुकानदाराला फोन केला. त्याच विणीचे दोन तागे उरलेत. सरांना सांगितलं, आत्ताच घेऊन ठेवा, रंग पुन्हा जुळत नाही. बघतो म्हणाले. आबांनी आपल्या पेन्शनमधून एक घेतला.