टोपातली पेल एल

ब्रुअरीतल्या मोठ्या टाक्यांवर माझं पोट चालतं, पण जीव आहे तो मागच्या खोलीतल्या ४० लिटरच्या स्टीलच्या टोपावर. १९६५च्या कर्नाटक अबकारी कायद्यानुसार परवान्याशिवाय बिअर करता येत नाही, म्हणून हा टोप घरी न ठेवता परवान्याच्या जागेत मांडलाय. बाकी सरंजाम घरगुतीच: गॅसची शेगडी, जाळीदार कापडाची पिशवी, लांब दांड्याचा डाव, थर्मामीटर.

२० लिटर पेल एलला साडेचार किलो पेल माल्ट आणि पाव किलो क्रिस्टल माल्ट पुरतं. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव. घरात नाचणीला मोड आणून सत्त्व होत असे, त्यामुळे दाण्याला मोड आला की तो गोडीला लागतो हे मला लहानपणापासून ठाऊक. पाणी ६९ अंशांवर आणून भरडलेलं माल्ट पिशवीत सोडलं की तापमान ६६ला टेकतं. मग टोपाला घोंगडी गुंडाळून तासभर थांबायचं. ६३ला राहिलं तर बिअर कोरडी, हलकी होते. ६९ला राहिलं तर जिभेवर जड. तासाभराने चमचाभर रस पांढऱ्या बशीत घेऊन त्यावर आयोडीनचा थेंब टाकतो. निळा-काळा डाग उमटला तर स्टार्च शिल्लक आहे, अजून थांबायचं. थेंब पिवळट-तपकिरीच राहिला की पिशवी उचलून निथळत ठेवायची. त्या वेळी खोलीभर जो खमंग, गोड वास सुटतो, तो मला तयार बिअरहूनही प्रिय आहे.

बंगळुरूत खरी परीक्षा पाण्याची. कावेरीचं पाणी सौम्य, बोअरवेलचं बहुधा जड. किटलीच्या तळाशी पांढरा थर बसवणारे क्षार माल्टच्या रसाची आम्लता मारतात, मग सालीचा तुरटपणा बिअरमध्ये उतरतो. असं पाणी आदल्या रात्री उकळून ठेवावं, सकाळी वरचं निवळ ओतून घ्यावं आणि चिमूटभर जिप्सम घालावं. इंग्लंडातल्या बर्टनची पेल एल गाजली ती तिथल्या जिप्समयुक्त पाण्यामुळेच.

समुद्रसपाटीपासून ९०० मीटरांवर पाणी ९७ अंशांच्या आसपासच उकळतं. तरी तासभर खळखळून उकळी हवीच. फेस वर आला की हात डावावर असावा. कडूपणाचे हॉप्स सुरुवातीला, वासाचे शेवटच्या पाच-दहा मिनिटांत. मग रस झटपट गार करून यीस्ट घालायचं. १८ ते २० अंश त्याला मानवतात. इथल्या डिसेंबरात ते सहज मिळतात, एप्रिलमध्ये मात्र भांड्याला ओलं फडकं आणि पंखा लागतो.

शिकायला येणारी मुलं पहिल्यांदा परदेशी हॉप्सची नावं विचारतात. माझं सांगणं एकच असतं: ते पैसे आधी चांगल्या थर्मामीटरवर घाला, आणि पाणी तपासून घ्या.