दुसरा प्रयत्न

आपल्या स्मरणिकेत गुणवंत माजी विद्यार्थ्यांची यादी छापली जाते. या वेळच्या यादीत आपल्या वसतिगृहात वाढलेल्या एका परिचारिकेचे नाव आहे. त्या नावामागची एक गोष्ट यादीत मावणारी नाही. ती तिच्या परवानगीने, आणि काहीशा अपराधी मनाने, येथे लिहीत आहे.

पाचवीत ती आली तेव्हा तिच्याजवळ एक पत्र्याची पेटी होती. आई ऊसतोडीला जात असे. बारावीनंतर मुलीने जी.एन.एम. पूर्ण केले, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी केली आणि सहा वर्षे रुग्णालयात नोकरी केली. विवाहानंतर ती पतीसह अमेरिकेत, न्यू जर्सीस गेली. दोन मुले झाली. संसारात नऊ वर्षे निघून गेली.

तेथे परिचारिका म्हणून काम करायचे तर ‘एनक्लेक्स’ ही परीक्षा द्यावी लागते. ती उत्तीर्ण झाल्याखेरीज राज्याचे नर्सिंग मंडळ परवाना देत नाही. आपल्या लेखी परीक्षेहून तिची रीत निराळी. उमेदवाराची उत्तरे पाहून संगणक पुढचा प्रश्न निवडतो. एकदा दिलेले उत्तर बदलता येत नाही. प्रश्न किमान ८५, कमाल १५०. वेळ ५ तास. उमेदवाराविषयी पुरेशी खात्री झाली की संगणक थांबतो. तिचा ८५व्या प्रश्नालाच थांबला. ती अनुत्तीर्ण झाली होती.

तिचा फोन आला. “सर, कोणाला सांगू नका. गावात माझा सत्कार झालाय. लोक म्हणतील, हिची लायकीच तेवढी.”

ही भीती तिची एकटीची नव्हती. आपल्या माणसाचे अपयश त्याच्या एकट्याचे राहत नाही. त्यावरून साऱ्या समाजाची लायकी मोजणारे लोक मी आयुष्यभर पाहिले आहेत. तरीही मी म्हणालो, “जाऊ दे बाळ. घर चांगले चालले आहे, मुले सांभाळ.” ती “बरं सर” म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या रात्री मी दुसऱ्या दिवशीच्या पाठाची टिपणे काढत होतो. बाबासाहेबांचे लंडनमधील शिक्षण हा विषय मी कित्येक वर्षे शिकवीत आलो आहे. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने त्यांना अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा गेले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध परीक्षकांनी पुन्हा लिहिण्यास सांगितले. त्यांनी तो नव्याने लिहून पाठविला आणि १९२३ साली डी.एस्सी. मिळविली. वर्गात मी पदव्या मोठ्या आवाजात सांगत असे. परत आलेल्या प्रबंधावरून मात्र एका वाक्यात पुढे जात असे. जे मी इतिहासात झाकले, तेच तिला आयुष्यात झाकायला सांगितले होते.

सकाळी मीच फोन केला. “काल मी चुकीचे बोललो. पुन्हा बसता येते का?”

“४५ दिवसांनी येते, सर.”

अनुत्तीर्ण उमेदवाराला कोणत्या विभागात आपण कमी पडलो, हे सांगणारा अहवाल मिळतो. तो तिने मला वाचून दाखविला. औषधांची माहिती तिला होती. अनेक रुग्णांपैकी आधी कोणाकडे जायचे, कोणते काम सहकाऱ्याकडे सोपवायचे, या प्रश्नांत ती कमी पडली होती. “सर, आमच्या वॉर्डात आम्ही डॉक्टरांच्या आदेशाची वाट पाहायचो. इथे विचारतात, तू स्वतः काय ठरवलेस?” मी म्हणालो, “म्हणजे ज्ञान नव्हे, निर्णय घेण्याची सवय कमी पडली. सवय लावता येते.”

मुले झोपल्यावर रात्री दहा ते एक ती प्रश्न सोडवी. चुकलेल्या प्रत्येक उत्तराचे कारण वहीत लिही. ४५ दिवसांऐवजी तिने पाच महिने घेतले. मधल्या काळात आईलाही तिने स्वतःच खरे सांगितले. आई एवढेच म्हणाली, “एक सरी राहिली म्हणून फड सोडतात काय?”

दुसऱ्या प्रयत्नात ती उत्तीर्ण झाली. आज ती तेथील रुग्णालयात रात्रपाळी करते.

यादीत तिच्या नावापुढे ‘परवानाधारक परिचारिका, न्यू जर्सी’ असे छापले आहे. प्रयत्न कितवा, हे छापण्याची आपली प्रथा नाही. तो दुसरा होता. आज वसतिगृहात नापासाचा निकाल पेटीच्या तळाशी लपवून ठेवणारे एखादे लेकरू असेल, तर त्याने हे वाचावे आणि माझ्याकडे यावे. या वेळी मी ‘जाऊ दे’ म्हणणार नाही.