उशांची संख्या वाढू लागली म्हणजे

'त्यांचे हार्ट फेल झाले' हे वाक्य आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी नेहमी येत असे, आणि त्याचा अर्थ एकच असे: माणूस निवर्तला. म्हणूनच कुपत खोलिमचे डॉक्टर 'ई-स्फिकत लेव' असे निदान सांगतात आणि घरातील नात त्याचे 'हार्ट फेल्युअर' असे भाषांतर करते, तेव्हा ऐकणाऱ्या वृद्धाच्या तोंडचे पाणीच पळते. वास्तविक त्या हिब्रू शब्दांचा अर्थ एवढाच की, हृदयाचे काम शरीराच्या गरजेस पुरेसे पडत नाही. असे हृदय चालू असते, पण थकलेले असते. आणि थकलेल्यास साहाय्य करता येते.

वाचक बंधुभगिनींनो, आम्ही पेशाने शिक्षक आहोत, वैद्य नव्हे. परंतु नेगेवमध्ये राहणाऱ्या आमच्या मावशींना हा विकार जडल्यापासून दवाखान्याच्या बाकावर बसून जे शिकावयास मिळाले, ते आपणांपुढे ठेवणे कर्तव्य वाटते.

निरोगी हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटास सुमारे ५ लिटर रक्त शरीरभर फिरविते. रक्तवाहिन्या तुंबून आलेला झटका, वर्षानुवर्षे दुर्लक्षिलेला रक्तदाब, मधुमेह, लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने बिघडलेली झडप, अशा कारणांनी त्याची शक्ती घटते. मग मूत्रपिंडांची समजूत अशी होते की, शरीरात रक्तच कमी आहे; आणि ती मीठ व पाणी धरून ठेवू लागतात. हे पाणी फुप्फुसांत साचले की धाप लागते, पायांत उतरले की सूज येते.

मावशींच्या बाबतीत हे सारे इतके हळूहळू घडले की, घरच्यांच्या ध्यानात आले नाही. प्रथम जिन्यात मध्येच थांबणे सुरू झाले. मग संध्याकाळी चपला घट्ट होऊ लागल्या. एका उशीच्या दोन झाल्या, दोहोंच्या तीन. पहाटे गुदमरून जाग येई, तेव्हा त्या खिडकीपाशी जाऊन बसत. आम्ही विचारले असता म्हणाल्या, "अरे, ऐंशी वर्षे व्हायला आली. आता नाही धापायचं तर कधी?" याच वाक्याने किती घरांतून रोग दडून राहत असेल! वय वाढल्याने चाल मंदावते, हे खरे. परंतु आडवे पडताच श्वास कोंडणे हे केवळ वार्धक्याचे लक्षण नव्हे. रात्रीचा कोरडा खोकला, भूक मंदावणे, पोट फुगल्यासारखे वाटणे, घरकामात अकारण थकवा, याही खुणा ध्यानी धराव्यात.

दवाखान्यात भाषेची अडचण येते, ती निराळीच. मावशी 'छाती भरून येते' म्हणत आणि नातू त्याचे 'छातीत दुखते' असे हिब्रू करी. तेव्हा तीन शब्द प्रत्येक घरी कागदावर लिहून ठेवावेत: 'कोत्सेर नेशिमा' म्हणजे धाप, 'नेफिखुत बारग्लायिम' म्हणजे पायांची सूज, आणि 'ई-स्फिकत लेव' म्हणजे हा विकार. किती पावलांवर धाप लागते, किती उशा लागतात, हे आकड्यांत सांगावे. आकड्यांचे भाषांतर चुकत नाही.

तपासणीत रक्ताची चाचणी व हृदयाचा इको काढतात. इकोमधील टक्केवारी ऐकून घाबरू नये. 'पस्तीस टक्के' याचा अर्थ पस्तीस टक्केच हृदय उरले, असा नव्हे. निरोगी हृदयही एका ठोक्यास डाव्या कप्प्यातील निम्म्याहून थोडे अधिकच रक्त बाहेर ढकलते. हे शाळेचे गुणपत्रक नव्हे. येथे शंभर कोणासच मिळत नाहीत. उलट टक्केवारी चांगली असूनही हृदय ताठर झाल्यामुळे हा विकार होऊ शकतो.

औषधांनी या क्षेत्रात मोठी मजल मारली आहे. १९८७ साली स्कँडिनेव्हियातील डॉक्टरांनी एनालाप्रिल या औषधाने अत्यवस्थ रुग्णांचे मृत्यू कमी होतात, हे सिद्ध केले. मधुमेहासाठी निघालेले डापाग्लिफ्लोझिन मधुमेह नसलेल्या हृदयरुग्णांसही उपकारक ठरते, हे २०१९ साली दिसून आले. ही औषधे बरे वाटू लागले म्हणून आपल्या मनाने थांबवू नयेत. बरे वाटते ते त्यांच्यामुळेच. तसेच गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेन वा डायक्लोफेनॅकच्या गोळ्या शेजारणीकडून मागून घेऊ नयेत. त्या मीठपाणी साठवितात व मूत्रपिंडांस अपाय करतात.

घरच्यांनी करावयाचे मुख्य काम म्हणजे वजनाची वही. रोज सकाळी लघवीस जाऊन आल्यावर, न्याहारीपूर्वी, तशाच हलक्या कपड्यांत वजन करावे आणि तारखेपुढे लिहावे. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वजन वाढले, तर ती चरबी नव्हे, साचलेले पाणी होय. त्याच दिवशी डॉक्टरांस कळवावे. आमच्या मावशींची वही अशी एकदा कामास आली: सूज दिसण्यापूर्वीच आकडा चढला, गोळीचे प्रमाण बदलले, आणि इस्पितळाची पायरी टळली. उलट शराव सुटला, घाम फार गेला व वजन उतरून चक्कर येऊ लागली, तरीही डॉक्टरांस विचारावे. पाणी किती प्यावे, हेही त्यांनीच ठरवावे.

मिठाचा विषय आपल्या घरी नाजूक असतो. सुके बोंबील, सुकट, पापड, लोणचे यांवाचून कोकणी माणसाचा घास उतरत नाही. त्यात येथील ऑलिव्ह, खारे चीज आणि सुपाची पूड यांची भर पडली. निरोगी माणसासही दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या एका लहान चमच्याहून, कमी मीठ असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कोशेर करताना मांस तासभर मिठात राहते. धुतल्यावरही त्यात काही मीठ उरतेच; तेव्हा रश्शात वेगळे घालू नये. चव आणावयास आमसूल, लिंबू, आले-लसूण, कोथिंबीर आहेतच. डब्यावरील 'नत्रान' हा शब्द वाचावा. २०२० पासून जास्त नत्रान असलेल्या पदार्थांवर लाल खूण असते. 'मिठाऐवजी' म्हणून मिळणाऱ्या पुडीत पोटॅशियम असते. ती काही औषधांबरोबर घातक ठरू शकते, म्हणून विचारल्यावाचून आणू नये.

आता उपवास आणि शब्बाथ. बिरड्याचा रोजा असो वा किप्पूर, उपवास करावा की नाही हे डॉक्टर व रब्बी यांस आधीच विचारावे. 'पिकुआख नेफेश', अर्थात जीव वाचविणे, यापुढे शब्बाथही बाजूस सरतो, ही आपल्या धर्माचीच आज्ञा आहे. मावशींनी एका शुक्रवारी रात्री बसून श्वास घेत सकाळ केली, 'शब्बाथला फोन कसा करायचा' म्हणून. असे कोणी करू नये. बसल्याजागी धाप, छातीत कळ, शुद्ध हरपणे, गुलाबी फेसाळ कफ, यांपैकी काहीही दिसले तर तत्काळ १०१ क्रमांकावर मागेन दाविद आदोमला बोलवावे, वार कोणताही असो.

शिक्षण महाविद्यालयात आम्हांस शिकविले होते की, विद्यार्थी स्वतःच्या शब्दांत सांगू शकेल तेव्हाच धडा झाला असे समजावे. दवाखान्यातून परतल्यावर आम्ही मावशींस हेच विचारतो: कोणती गोळी कशासाठी? वजन किती वाढले की फोन करावयाचा? त्या आधी रागावतात, मग बिनचूक सांगतात. आपणही येत्या शब्बाथला आईवडिलांस भेटाल, तेव्हा एकच विचारा: "झोपताना उशा किती लागतात?" उत्तर मागच्या वेळेपेक्षा अधिक आले, तर रविवारी सकाळीच डॉक्टरांची वेळ घ्यावी.